टोपडं आणि कुंची

३ मार्च, काउंटरवरून

भावजी,

आधी रागावून घेते, मग बाकीचं. पहिल्यांदा नापास झालात ते दडवलंत आणि दुसऱ्यांदा झालात तेव्हा पत्र लिहिलंत. म्हणजे दोनदा आपटल्याशिवाय वहिनीची आठवण येत नाही. फोनवर विचारलं की 'मजेत आहे' म्हणून मोकळे होता, म्हणून तर मी पत्राचा हट्ट धरला होता. फोनवर खोटं बोलायला दोन शब्द पुरतात. पत्रात पानभर बोलावं लागतं आणि तेवढा तुमचा आवाका नाही.

मला कळलंय ते असं. अमेरिकेतल्या त्या मिस्त्रीच्या परीक्षेत लेखीला तुम्ही पास आहात. अडतंय ते प्रात्यक्षिकात. परीक्षक समोर उभा राहून एकेका भागाचं, एकेका हत्याराचं नाव घेतो आणि तुम्ही ते दाखवायचं, काढायचं, बसवायचं. काम तुमच्या हातचा मळ, पण तो नाव घेतो अमेरिकन आणि तुमचे हात ब्रिटिश. तो 'रेंच' म्हणतो, पाना तुमच्या नाकासमोर असतो आणि तुम्ही खांबासारखे उभे. मनातल्या मनात रेंच म्हणजे स्पॅनर, स्पॅनर म्हणजे पाना, एवढं होईपर्यंत तो पुढच्या शब्दावर गेलेला असतो.

तिसरी संधी जूनमध्ये, आणि ती शेवटची. ती हुकली तर तिकडच्या गॅरेजचे मालक तुम्हाला गाड्या धुवायला लावणार, आणि मिस्त्री म्हणून मिळालेला राहायचा परवाना धुण्याच्या कामावर चालत नाही. मग गाशा गुंडाळून परत यायचं. परत कुठे यायचं, हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

परीक्षा 'फर्स्ट फ्लोअर'ला म्हणून तुम्ही जिना चढून गेलात आणि बंद दारासमोर बसून राहिलात, हे वाचून मी आधी हसले आणि मग मला वाईट वाटलं. ब्रिटिश माणूस तळमजला सोडून मजले मोजतो, अमेरिकन तळापासूनच मोजायला लागतो. लिफ्टला तिकडे एलेव्हेटर म्हणतात हे तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं, पण तिच्यात बसायचंच नव्हतं हे कुणी सांगितलं नाही.

आता हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. मी इथे आपल्या गॅरेजात सुट्या भागांच्या काउंटरवर बसते ती माश्या मारत नाही. आपल्याकडे अर्धी खोकी ब्रिटिश छापाची येतात, अर्धी अमेरिकन. माल एकच, नावं दोन. लग्न होऊन आले त्या वर्षी एक गिऱ्हाईक सायलेन्सर मागत होतं आणि फळीवरच्या खोक्यावर लिहिलं होतं मफलर. मी सरळ 'नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं. त्यावरून ह्यांनी जो आवाज चढवला तो पलीकडच्या गल्लीत गेला असेल. तेव्हापासून मी खोकी वाचायला शिकले.

तर घ्या. बॉनेट म्हणजे तिकडे हूड. लक्षात ठेवायला सोपं आहे. आपण बाळाला टोपडंही घालतो आणि कुंचीही घालतो ना, तसं इंग्रजानं गाडीला टोपडं घातलं आणि अमेरिकनानं कुंची. बाळ तेच. मागे इंग्रजाचा बूट आणि अमेरिकनाची ट्रंक; एकानं पायात घातला, दुसऱ्यानं पलंगाखाली सरकवली. आपण डिकी म्हणतो, म्हणजे आपण दोघांच्याही पंगतीत नाही. समोरची काच इंग्रजाला विंडस्क्रीन, म्हणजे वाऱ्याला पडदा. अमेरिकनाला ती विंडशील्ड, म्हणजे ढाल. पेट्रोलला गॅस म्हणतात, शेगडी डोळ्यांसमोर आणू नका. गिअरबॉक्सला ट्रान्समिशन. वायरिंगमधल्या अर्थला ग्राउंड. स्टिअरिंग आणि चाक जोडणाऱ्या ट्रॅक रॉडला टाय रॉड. आणि तो सैल झालाय का ते बघायचं तर चाक घड्याळाच्या तीनवर आणि नऊवर धरून हलवायचं, बारावर आणि सहावर नाही. तिथे हललं तर दोष बेअरिंगचा.

तुम्ही लिहिलंत की शेवटी 'कॉटर पिन' या शब्दाला तुम्ही हत्यार खाली ठेवलंत. जगात एवढे शब्द पडलेत आणि अडलात ते नेमके आपल्या स्प्लिट पिनेवर, तिलाच ते कॉटर म्हणतात. वाचून माझ्या हातातला चहा निवला.

तुम्ही इथून गेलात त्या दिवशी मी इथेच होते, भावजी. टाय रॉडचा नट फिरून सुटू नये म्हणून जी आडवी पिन घालायची, ती घालायची राहिली. मध्ये जेवणाची सुट्टी झाली होती, त्यामुळे ती कुणाच्या हातून राहिली हे तुम्हाला सांगता येईना आणि ह्यांनाही येईना. नशीब, स्टिअरिंग थरथरायला लागल्याबरोबर गिऱ्हाईक गाडी हळूहळू परत घेऊन आलं. पिन गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या काठावर तशीच पडली होती. गिऱ्हाइकानं विचारलं, हे काम कुणाचं. आणि हे म्हणाले, "पोरगा नवीन आहे, सांभाळून घ्या."

नवीन. मिसरूड फुटायच्या आधीपासून तुम्ही त्या खड्ड्याशी उभे. तुम्ही डांगरी काढलीत, खुंटीला लावलीत आणि गेलात. ती अजून तिथेच आहे. धूळ बसू नये म्हणून मी अधूनमधून धुते.

तुमच्या पत्राचं ह्यांना काही सांगितलेलं नाही. तुमचं नाव इथे निघत नाही. मी माझ्या परीनं शब्द पाठवत राहीन, तुम्ही पाठ करा.

तुमची,
वहिनी


११ एप्रिल

भावजी,

'मालक मॅड झालेत' एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं. म्हटलं, चांगला धडधाकट माणूस भ्रमिष्ट कसा झाला. पुढे वाचल्यावर कळलं की तिकडे मॅड म्हणजे नुसता चिडलेला. ब्रिटिश वळणानं मॅड म्हणजे वेडा. या हिशेबानं तुमचे दादा दोन्ही इंग्रजीत मॅड आहेत.

मालक 'बडी' म्हणून हाक मारतात त्याचं मनाला लावून घेऊ नका. ह्यांना काम शिकवणारे उस्ताद त्यांच्या जुन्या इंग्रज साहेबाची नक्कल करताना दर वाक्याला 'मेट' म्हणायचे असं तुम्हीच सांगायचात ना, तसंच हे. त्यात लाड नसतात आणि अपमानही नसतो. दुकानात बिस्किट मागितल्यावर त्या बाईनं पावासारखा गोळा दिला आणि तुम्ही तो मुकाट्यानं चहात बुडवलात, हे मात्र मी दोनदा वाचलं. आपल्या बिस्किटाला तिकडे कुकी म्हणायचं. नळाला फॉसेट, टॉर्चला फ्लॅशलाइट. आणि खोडरबर मागताना इरेझर म्हणा, नुसतं रबर म्हणू नका. का, ते वहिनीला विचारायचं नाही.

तुम्ही विचारलंय, तीनवर आणि नऊवर चाक धरायचं हे मला कुणी शिकवलं. कोण शिकवणार. माणूस काउंटरवर बसला तरी त्याचे कान काही फळीवर ठेवलेले नसतात. आणखी ऐका. मडगार्डला उस्ताद 'विंग' म्हणायचे, ते तिकडे फेंडर. उतरलेली बॅटरी चालू करायच्या जंप लीडला जंपर केबल. आणि काळी वायर शेवटी लावायची ती बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला, नाहीतर ठिणगी पडते आणि हे म्हणतात की परीक्षक तिथेच नापास करतो. म्हणजे म्हणाले असते, विचारलं असतं तर.

तुमच्या पत्रातलं खरं दुखणं शेवटी आलं. तुम्ही लिहिता, शब्द वाचले की कळतात, रात्रीतून पाठही होतात, पण सकाळी कुणी मोठ्यानं उच्चारला की हात हलत नाहीत. मग खाली एक ओळ आहे: 'माझे हात दादाच्या आवाजानं शिकलेत, वहिनी. दुसऱ्याच्या आवाजात त्यांना कळत नाही.' ही ओळ तुम्ही आधी खोडलीत आणि पुन्हा लिहिलीत, ते मला दिसलं.

उस्तादांची शिस्त होतीच तशी. खड्ड्यातल्यानं वस्तूचं नाव घ्यायचं, वरच्यानं तेच नाव परत म्हणायचं आणि मगच वस्तू खालच्या हातात द्यायची. परत म्हटल्याशिवाय काही द्यायचं नाही, म्हणजे चुकीचा पाना हातात येत नाही. मला सुरुवातीला ते पोरखेळ वाटायचं. दोन मोठे पुरुष दिवसभर एकमेकांचे शब्द परत करताहेत. 'बारा-तेरा.' 'बारा-तेरा.' 'फडकं.' 'फडकं.' पुढे मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो थांबला तरच मी मान वर करायची.

आता सांगावं की नाही असं वाटत होतं, पण सांगते. तुम्ही गेल्यापासून ह्यांनी वर कुणाला उभं केलेलं नाही. दोन माणसं कामाला येऊन बघून गेली, दोघांनाही 'नको' म्हणाले. हे खड्ड्यात उतरायच्या आधी सगळी हत्यारं काठावर ओळीनं मांडतात. मग खालून 'बारा-तेरा' म्हणतात, थोडं थांबतात, स्वतःच 'बारा-तेरा' म्हणतात आणि हात वर करून चाचपत पाना घेतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, खाली कुणी आहे. वाकून बघितलं तर हे एकटेच.

तेव्हा मी परत म्हणायला गेले होते, तर म्हणाले, तू काउंटर सांभाळ.

जेवणाचे हाल करू नका. पुढच्या पत्रात हत्यारांची नावं.

तुमची,
वहिनी


८ मे

भावजी,

पत्रात खोटं बोलायला पानभर लागतं असं मीच म्हणाले होते, आणि तुम्हाला जमलं नाही ते मी दोन पत्रं भरून करून दाखवलं. आता पुरे झालं.

ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमचं पत्र मी काउंटरवर वाचत होते, हे खड्ड्यातून वर आले, हात पुसत माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "किती वेळा?" मी म्हटलं, दोनदा. त्यावर पुन्हा खाली उतरले. पण दुसऱ्या दिवशी चहा घेताना भिंतीकडे बघून म्हणाले, चाक तीनवर आणि नऊवर धरून हलवायचं म्हणावं. कुणाला म्हणावं, ते नाही सांगितलं. मग रोज एक. काळी वायर शेवटी लावायची म्हणावं. पान्याला धक्का द्यायचा नाही, ओढायचा म्हणावं. मी आपली ऐकते आणि तुम्हाला लिहिते, आणि वर माझ्या नावावर खपवते. तुमच्या डांगरीचंही तेच. मी ती एकदाही धुतलेली नाही. दर रविवारी खुंटीवरून उतरते आणि संध्याकाळी वाळून परत खुंटीवर असते, एवढंच मला ठाऊक आहे.

तुमचं मागचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ती खोडलेली ओळसुद्धा. रागावलात तरी चालेल.

वाचून झाल्यावर मी सरळ विषय काढला. म्हटलं, त्याच्या हातांना तुमचाच आवाज कळतो, तर तुम्ही फोनवरून त्याला तिकडचे शब्द घाला. तुम्ही बोला, तो परत म्हणेल, पूर्वीसारखं. झालं, अंगावर पाल पडल्यासारखे उठले. म्हणाले, उस्तादांनी मला बॉनेट शिकवलं, माझ्या तोंडून कुंची निघायची नाही. इंग्रजांचा एवढा पुळका खुद्द इंग्रजांनाही नसेल. मग दोन दिवस अबोला. मला अबोल्याचं काही नाही, काउंटरवर गिऱ्हाइकं बोलतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. मी खोकी लावत होते. खालून हळूच आवाज आला, 'रेंच.' मग थांबून पुन्हा, 'रेंच.' कडू औषध जिभेवर ठेवून बघावं तसं. नंतर 'हूड' आला. तो दोनदा नीट नाही जमला, तिसऱ्यांदा जमला. मी खोक्यामागून हलले नाही.

संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, "त्याला माझा आवाज चालेल का?"

मी म्हटलं, "त्याच्या हातांना चालेल. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

तर आता माझं म्हणणं नीट ऐका. चोवीस तारखेला, रविवारी, आम्ही फोन करू. इथे सकाळ असेल, गॅरेज उघडायच्या आधीची, तुमच्याकडे आदल्या दिवसाची, शनिवारची संध्याकाळ. मालकांना विचारून एखाद्या गाडीपाशी थांबा आणि हत्यारं मांडून ठेवा. फोन उचला. 'कसा आहेस' नको, 'दादा' नको, मागचं काही नको. शब्द आला की परत म्हणा आणि हात चालवा. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं नाहीये हे मला माहीत आहे, आणि त्यांना काय बोलावं हे माहीत नाही. मग दोघांनीही बोलू नका. नुसती नावं घ्या.

उचलायचा नसेल तर नका उचलू. मी काही म्हणणार नाही. पण जून जवळ आलाय, भावजी, आणि माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

वहिनी


१ जून

भावजी,

तुम्ही फोन उचललात. त्याबद्दल काय लिहावं ते कळत नाहीये, म्हणून इकडे काय झालं तेच लिहिते. तुम्हाला तिकडे नुसता आवाज आला, मला सगळं दिसलं.

ह्यांनी आधी खुर्चीत बसून बोलायचं ठरवलं होतं. बसले, घसा खाकरला, उठले. म्हणाले, खुर्चीतून आवाज नीट लागत नाही. मग रविवारचा धुतलेला शर्ट घालून खड्ड्यात उतरले. वर गाडी नाही, काही नाही. नुसत्या मोकळ्या खड्ड्यात उभे. मी फोन काठावर ठेवला आणि त्याचा आवाज मोठा केला.

तुम्ही उचललात आणि कुणीच बोलेना. तुमच्याकडे कुठेतरी पंखा चालू होता, तो ऐकू येत होता. ह्यांनी खालून माझ्याकडे बघितलं, मी खूण केली. हे म्हणाले, 'हूड.'

तुम्ही जेवढा वेळ गप्प राहिलात तेवढ्यात मी मनातल्या मनात फोन तीनदा बंद होताना ऐकला. मग तुमचा आवाज आला, 'हूड', आणि पत्रा उचलल्याचा आवाज. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

'ट्रंक.' 'ट्रंक.' 'मफलर.' 'मफलर.' पुढे पुढे आवाज चढला, वेगही आला. आणि एक गंमत झाली ती तुम्हाला कळली नसेल. तुम्ही तिकडून 'रेंच' म्हणालात की इकडे ह्यांचा हात आपोआप वर यायचा, पाना घ्यायला. रिकामा हात काठाशी थोडा वेळ थांबायचा आणि खाली जायचा. त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं. पाना एका देशात, हात दुसऱ्या देशात. मी तोंडाला पदर लावून हसत होते असं समजा.

शेवटी एक शब्द राहिला. मी वरून खुणावलं, दोनदा खुणावलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'बस.' तुम्हीही शिस्तीत 'बस' म्हणालात आणि फोन ठेवलात.

तो एक शब्द नाही घेतला म्हणून मी नंतर भांडले. म्हटलं, पोरगा त्याच्यावरच अडलाय आणि तुम्ही तोच गिळलात. हे शर्ट बदलायला निघून गेले. कालच्या रविवारीही तसंच झालं. सगळे शब्द झाले, तो सोडून.

पण आज सकाळचं ऐका, त्याच्यासाठीच घाईनं लिहितेय. तेच गिऱ्हाईक आलं होतं. स्टिअरिंगवालं. आता ते नेहमीचं झालंय, ब्रेक दाखवायला आणतं. बोलता बोलता म्हणालं, तुमचा तो नवीन पोरगा दिसत नाही हल्ली. सहजच म्हणालं बिचारं. ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"तो नवीन नव्हता," म्हणाले. "तेव्हाही नव्हता. माझा भाऊ आहे. माझ्याइतकाच जुना मिस्त्री."

गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, ते ब्रेकबद्दल बोलायला लागलं. मी काउंटरखाली वाकले आणि काही नसताना काहीतरी शोधत राहिले. हे मला 'लिही' म्हणाले नाहीत. 'म्हणावं'ही म्हणाले नाहीत. मी माझ्या मनानं लिहितेय, आणि या वेळी हे खरं आहे.

तुमची,
वहिनी


२७ जून

भावजी,

काल तुमचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर एकटीच होते, आणि 'झालो पास' आणि परीक्षकाचं ते बोलणं एवढं सांगून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून आज सगळं लिहिते. आधी परीक्षेच्या आदल्या दिवशीचं, कारण त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत नाही.

त्या सकाळी हे माझ्या आधी उठून गॅरेजमध्ये जाऊन बसले होते. रविवार नव्हता, तरी. शब्द सुरू झाले. ते दोघांच्याही तोंडात आता इतके बसलेत की परवा ह्यांनी एका गिऱ्हाइकाला 'हूड उघडा' म्हटलं आणि मग भिंतीवरच्या उस्तादांच्या फोटोकडे चोरून बघितलं. सगळी नावं झाली. मी वर उभी होते. वाटलं, आता 'बस' म्हणणार. हे दोन्ही हात काठावर टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, 'कॉटर पिन.'

तुम्ही वेळ घेतलात. घ्यायलाच हवा होता. तुमच्या बाजूला काहीतरी पडल्याचा आवाज आला, बहुतेक हातातून पिनच पडली असेल. मग तुम्ही 'कॉटर पिन' म्हणालात, आणि पक्कडीनं पिनेची टोकं वाकवल्याचा तो बारीक आवाज आला. ह्यांनी तो ऐकला. त्या आवाजावर त्यांना सांगायची गरज नव्हती, पण शिस्तीप्रमाणे म्हणाले, 'बसली.' तुम्ही म्हणालात, 'बसली.'

मग हे बोलून गेले. ठरवून नाही बोलले, भावजी, मी समोर होते. रोज दुपारी खड्ड्यातून वर येताना जसं विचारायचे तसंच तोंडातून गेलं, "जेवलास का?"

आणि तुम्ही तिकडून, त्याच सुरात, "जेवलास का?"

शब्द आला की परत म्हणायचा, हे तुमच्या अंगात इतकं भिनलंय की तो प्रश्न आहे हे तुमच्या लक्षातच आलं नसावं. किंवा आलं असेल, मला काय माहीत. तुम्ही लगेच फोन ठेवलात. इकडे हे म्हणाले, "हो, जेवलो." बंद फोनला. सकाळची वेळ, पोटात चहासुद्धा गेला नव्हता. मग खड्ड्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ फडक्यानं तोंड पुसत राहिले. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

आता कालचं. तुमचा फोन ठेवला तेव्हा हे खड्ड्यात होते, वर गाडी होती. मी काठाशी जाऊन वाकले. काय सांगावं, कसं सांगावं, ते ठरेना. शेवटी एवढंच म्हटलं, "पास झाला."

खालचा पाना थांबला. मग हळूच, "पास झाला."

आणि मग हात वर आला. मीच वरून बोलले होते, त्यांना काही घ्यायचं नव्हतं, तरी आला. काळा, ग्रीस माखलेला, पंजा उघडा. त्यात काय ठेवावं ते मला सुचेना. हत्यारं काठावर होती, पण ती नव्हती हवी. मी माझा हात ठेवला. तो त्यांनी घट्ट धरला आणि गाडीखाली तसेच उभे राहिले. गिऱ्हाईक काउंटरवर टकटक करत होतं, मी जाऊ शकत नव्हते.

परीक्षक तुम्हाला म्हणाले ना, प्रत्येक शब्द परत का म्हणतोस, आणि तुम्ही सांगितलंत की आमच्या घरात तशी पद्धत आहे. गॅरेजमध्ये नाही, घरात म्हणालात. मी ते ह्यांना सांगितलं. दोनदा सांगायला लावलं.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर काळा डाग दिसेल. हा कागद मी कालच काउंटरवर काढून ठेवला होता, तोवर हात धुतलेला नव्हता. पुसायला गेले तर पसरला, मग राहू दिला. तो ह्यांचा आहे.

डांगरी मी उतरवून ठेवलेली नाही. ती तिथेच राहणार, तुम्ही तिकडे पक्के मिस्त्री झालात तरी. सुट्टीला याल तेव्हा लागेल.

आणि एक काम आहे. त्या दिवशी तुम्हाला जे विचारलं होतं ते तुम्ही परत म्हणालात, पण त्याचं उत्तर दिलं नाहीत. ते मला पत्रातून नको. फोन करा आणि त्यांनाच सांगा. सकाळी करा, ते खड्ड्यात उतरायच्या आधी.

तुमची,
वहिनी